सातबारा, बारडोली आणि संगणकाचे दफ्तर

सुरतेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या मराठी घरांतही एक शब्द गावाकडची ठेव म्हणून जपलेला असतो, तो म्हणजे सातबारा. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची किती तरी कुटुंबे आहेत. रोजगार सुरतेचा, मुलांच्या शाळा सुरतेच्या, पण आजोबांच्या नावची दोन-चार एकर जमीन अजून खानदेशात. भाऊबंदकी असो, पीककर्ज असो की वारस नोंद, शेवटी गाडी येते ती सातबाऱ्यावर.

गंमत अशी, की हा शब्द इथल्या गुजराती शेजाऱ्यालाही समजावून सांगावा लागत नाही. ओलपाड, कामरेज किंवा बारडोलीचा शेतकरीही ‘सात-बार’चाच उतारा काढतो, ‘आठ-अ’च मागतो आणि फेरफाराची नोंद ‘सहा नंबरा’तच पाहतो. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली, पण गाव नमुन्यांचे आकडे दोघांनीही तेच ठेवले. दोन्ही मुलखांचे दफ्तर मुंबई इलाख्यात एकाच मुशीतून निघाले होते.

आपल्या मंडळातली बरीच मुले-मुली आज वेबसाइट आणि अ‍ॅप बनवण्याच्या व्यवसायात आहेत. त्यांच्या तोंडी टेबल, क्वेरी, जॉइन, स्टोअर्ड प्रोसिजर हे शब्द रोजचे. ही विद्या अमेरिकेतून आली हे खरे. पण ज्या अडचणीतून ती जन्मली, ती अडचण आपल्या पाटील-कुलकर्ण्यांच्या, तलाठ्यांच्या दफ्तरांनी फार आधी भोगलेली होती. आणि दफ्तराला प्रश्न चुकीचा विचारला तर काय होते, याचा मोठा धडा तर आपल्याच सुरत जिल्ह्यात घडला. ती हकिगत या लेखात सांगायची आहे.

रुमालातले दफ्तर

मराठी राज्यात कागद पुष्कळ होता. सुरतेच्या चौथाईसाठी पेशव्यांचे आणि गायकवाडांचे कारभारी इथे असत. त्या वसुलीचेही हिशेब लिहिले जात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतल्या निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले, तेव्हा मराठ्यांचा इतिहास नव्याने वाचता आला.

रुमालाची अडचण मात्र एकच: कागद कोणत्या रुमालात बांधला आहे हे ठाऊक असेल तरच तो सापडतो. सालवार बांधलेल्या दफ्तराला ‘अमुक साली काय घडले’ असे विचारले तर ते चटकन सांगेल. ‘अमुक माणसाचे वेगवेगळ्या परगण्यांत काय काय आहे’ असे विचारले, की सगळे रुमाल सोडायची वेळ. गावच्या कुलकर्ण्याचे दफ्तरही तसेच. कोणाची जमीन कोणती हे वहीत होते, पण ती वही वाचण्याची किल्ली कुलकर्ण्याच्या डोक्यात होती. वतन वंशपरंपरेने चाले, त्यामुळे किल्लीही त्याच घरात राही.

इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले. या पद्धतीतली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे सर्व्हे नंबर. त्याआधी शेत ओळखले जाई ते ‘वडाखालचे’, ‘नाल्याकाठचे’ अशा नावांनी. आता प्रत्येक शेताला गावापुरता एकच आणि न बदलणारा आकडा मिळाला. मालक बदलो, पीक बदलो, आकडा तोच. संगणकाच्या भाषेत यालाच आज ‘प्रायमरी की’ म्हणतात.

पण मोजणीच्या कागदावर नाव असे ते सारा भरणाऱ्या खातेदाराचे. गहाण कोणाकडे, कसतो कोण, हिस्सेदार किती, हे त्यावरून कळत नसे. म्हणून १९०३ साली मुंबई इलाख्यात अधिकार अभिलेखाचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल कायद्यातच सामावला गेला. गावच्या हिशेबांची नमुनेवार मांडणी आयसीएस अधिकारी एफ. जी. एच. अँडरसन यांच्या पुस्तकाने स्थिर केली. महसूल खात्यात ते ‘अँडरसन मॅन्युअल’ म्हणूनच ओळखले जाते. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

या मांडणीचे मर्म असे, की एका वहीत एकाच प्रकारची गोष्ट लिहायची. नमुना ७ मध्ये जमीन आणि तिच्यावरचे हक्क. नमुना १२ मध्ये त्या जमिनीतली पिके. नमुना ८-अ मध्ये एका खातेदाराची गावातली सगळी जमीन. नमुना ६ मध्ये झालेले फेरफार, तारीखवार आणि क्रमांकवार. सात आणि बारा एका कागदावर शेजारी ठेवले, की झाला सातबारा. दोन्ही नमुन्यांना बांधणारा दोरा म्हणजे सर्व्हे किंवा गट क्रमांक.

कॉड यांचा निबंध

आता थोडे परदेशात जाऊ. १९६० च्या दशकात मोठे संगणक आले आणि त्यांच्यापुढेही रुमालाचीच अडचण उभी राहिली. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवण्यासाठी घडली. तिच्यात माहिती झाडाच्या फांद्यांसारखी बांधलेली असे. खोडापासून कोणत्या फांदीने जायचे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ठाऊक हवे. फांदीची रचना बदलली की जुने प्रोग्रॅम बंद पडत.

एडगर कॉड हे इंग्लंडात १९२३ साली जन्मलेले गणिती, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक, पुढे आयबीएमचे संशोधक. जून १९७० मध्ये त्यांनी एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: माहिती साध्या तक्त्यांत ठेवा, ओळी आणि रकाने. एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध लपवलेल्या वाटांनी जोडू नका, दोन्हींत असलेल्या समान मूल्याने जोडा. आणि माहिती मागणाऱ्याने ‘कशी शोधायची’ हे सांगू नये, ‘काय हवे’ एवढेच सांगावे. शोधण्याची वाट यंत्राने काढावी.

कॉड यांना गाव नमुना सात-बारा माहीत असण्याचे कारण नव्हते. तलाठ्याच्या वहीमागे गणित नव्हते, कॉड यांच्या मांडणीमागे संचांचे काटेकोर गणित होते. तरी दोन्हींची मूळ युक्ती एकच, हे ओळखायला आपल्याला अडचण पडू नये. १९८१ साली कॉड यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

निबंधातला विचार वापरात आणायला भाषा हवी होती. आयबीएममधल्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ती मांडली. नाव ठेवले ‘सीक्वेल’. पुढे ते नाव दुसऱ्या कंपनीचे निघाल्याने ‘एसक्यूएल’ झाले. बॉइस त्याच वर्षी अकाली वारले. १९७९ मध्ये ओरॅकलने ही भाषा वापरणारा डेटाबेस बाजारात आणला आणि १९८६ मध्ये अमेरिकेत तिचे प्रमाणीकरण झाले. पुण्यात १९९० साली पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू करणारे आनंद देशपांडे हे अमेरिकेतून डेटाबेस याच विषयात पीएचडी करून परतले होते, हेही इथे नोंदवायला हवे.

दफ्तराला प्रश्न विचारणे

क्वेरी म्हणजे दफ्तराला विचारलेला प्रश्न. तिचे मुख्य शब्द तीन. ‘सिलेक्ट’ म्हणजे कोणते रकाने हवेत, ‘फ्रॉम’ म्हणजे कोणत्या वहीतून, ‘व्हेअर’ म्हणजे कोणत्या अटीवर. ‘नमुना सातमधून, गट क्रमांक ११४ असेल तिथले, खातेदाराचे नाव आणि क्षेत्र द्या,’ हे मराठी वाक्य शब्दांचा क्रम हलवून लिहिले की एसक्यूएल झाले.

दोन वह्या शेजारी ठेवून समान क्रमांकाने ओळी जुळवणे म्हणजे ‘जॉइन’. नमुना ७ आणि नमुना १२ गट क्रमांकाने जोडले की सातबारा मिळतो. एका खात्याच्या सगळ्या ओळी एकत्र करून क्षेत्राची बेरीज घेणे म्हणजे ‘ग्रुप बाय’. आठ-अ चा उतारा तोच.

इथे नवशिक्याला दोन खड्डे असतात. पहिला कोऱ्या रकान्याचा. बाराच्या नमुन्यात पिकाचा रकाना कोरा असेल तर शेत पडीक होते असे म्हणता येत नाही. कदाचित पाहणीच झाली नसेल. डेटाबेसात याला ‘नल’ म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. सरासरी काढताना यंत्र नल वगळते आणि शून्य धरते, आणि उत्तरात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

दुसरा खड्डा जास्त धोक्याचा. समजा, गट ११४ चे क्षेत्र २ हेक्टर आहे आणि वर्षात तिथे कापूस, तूर, हरभरा अशी तीन पिके नोंदली आहेत. सात आणि बारा जोडले की त्या गटाच्या तीन ओळी होतात आणि प्रत्येक ओळीत क्षेत्र २ हेक्टर असे येते. आता कोणी बेधडक बेरीज घेतली, तर २ हेक्टरचे ६ हेक्टर होतात! यंत्र चुकलेले नसते, वह्याही खऱ्या असतात. फक्त प्रश्न विचारणाऱ्याने ‘एक ओळ म्हणजे नक्की काय’ हे विचारात घेतलेले नसते.

बारडोलीचा हिशेब

नोंदींचा अर्थ लावताना असे झाले तर कोणाचे काय बिघडते? १९२८ सालच्या बारडोलीला विचारा.

बारडोली तालुक्याच्या शेतसाऱ्याची फेरआकारणी करताना उपजिल्हाधिकारी जयकर (हे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर नव्हेत) यांनी सुमारे ३० टक्के वाढ सुचवली. तो अहवाल सेटलमेंट कमिशनरकडे गेला. हे कमिशनर म्हणजे गाव नमुन्यांचे मॅन्युअल लिहिणारे तेच अँडरसन. त्यांनी जयकरांची रीत मानली नाही. जमिनी खंडाने दिल्याच्या नोंदींवर भिस्त ठेवली आणि २९ टक्के वाढ सुचवली. सरकारने ती २२ टक्क्यांच्या आसपास ठरवली.

सत्याग्रहाच्या बाजूने नरहरी पारीख, महादेव देसाई यांनी हे आकडे तपासायला घेतले. त्यांचा एक प्रमुख आक्षेप असा होता, की अनेक वर्षांच्या खंडाच्या नोंदींची एकत्र बेरीज एकाच वर्षाची असल्यासारखी वाचली गेली आणि त्यामुळे तालुक्यातली खंडाने दिलेली जमीन प्रत्यक्षाहून पुष्कळ जास्त दिसली. वरच्या गट ११४ सारखाच हा प्रकार. शिवाय खंड म्हणून लिहिलेली रक्कम कित्येकदा सावकाराच्या व्याजाची असे. रकान्याचे नाव एक, आत भरलेली गोष्ट भलतीच.

१२ फेब्रुवारी १९२८ रोजी वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. जप्त्या झाल्या, गुरे हाकून नेली गेली, जमिनी लिलावात निघाल्या. ऑगस्टमध्ये तडजोड होऊन चौकशी नेमली गेली. न्यायखात्याचे ब्रूमफील्ड (१९२२ साली अहमदाबादेत गांधीजींचा खटला चालवणारे न्यायाधीश ते हेच) आणि महसूल खात्याचे मॅक्सवेल हे दोघे बारडोली व चोऱ्यासी तालुक्यांतली गावे फिरले. नोंदी आणि जमीन समोरासमोर ठेवून त्यांनी पाहिले, आणि खंडाचे आकडे आकारणीला आधार म्हणून भरवशाचे नाहीत असा निष्कर्ष काढला. २२ टक्क्यांची वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली.

सोळा टक्क्यांचा हा फरक म्हणजे हजारो घरांची भाकरी होती. त्या तालुक्याच्या वह्यांची मांडणी उत्तम होती, आणि आकडे वाचणारा माणूस तर मांडणीच्या शास्त्रातला अधिकारी होता. तरीही उत्तर टिकले नाही. म्हणून डेटाबेस शिकणाऱ्या प्रत्येक सुरतकराने हा प्रसंग इतिहासाच्या तासापुरता ठेवू नये. बेरीज करण्याआधी ‘ही ओळ कशाची, कोणत्या काळाची, कोणी पाहून लिहिली’ हे विचारण्याची सवय त्यातून लागावी.

फेरफार म्हणजे स्टोअर्ड प्रोसिजर

प्रश्न विचारणे झाले. आता नोंद बदलणे. सातबाऱ्यावरचे नाव कोणी थेट खोडून दुसरे लिहू शकत नाही, निदान लिहू नये अशी रीत आहे. आधी अर्ज किंवा दस्त. मग नमुना ६ मध्ये क्रमांकासह नोंद. मग हितसंबंधितांना नोटीस. हरकतीसाठी महाराष्ट्रात १५ दिवस, गुजरातमध्ये कलम १३५-ड खाली ३० दिवस. हरकत आली तर तिची वेगळी नोंद आणि सुनावणी. नंतर वरिष्ठ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि तेव्हाच सातच्या नमुन्यात बदल होतो, शेजारी फेरफार क्रमांक लिहून.

स्टोअर्ड प्रोसिजर म्हणजे हेच. बदलाच्या पायऱ्या एकदा ठरवून, नाव देऊन, डेटाबेसातच ठेवायच्या. वेबसाइटवरून अर्ज येवो, मोबाइलवरून येवो की कचेरीतल्या खिडकीवरून, प्रत्येकाने त्याच दारातून जायचे. थेट तक्त्याला हात लावण्याची परवानगी कोणालाच नाही. सायबेस कंपनीने १९८७ च्या सुमारास ही सोय लोकप्रिय केली, ओरॅकलने १९९२ मध्ये आणली आणि वेब व्यवसायात घरोघरी पोचलेल्या मायएसक्यूएलमध्ये ती २००५ मध्ये आली.

तिच्यात व्यवहाराची अखंडता राखता येते. विकणाऱ्याच्या नावचे क्षेत्र कमी झाले आणि वीज गेली, घेणाऱ्याच्या नावे चढलेच नाही, असे होऊन चालत नाही. दोन्ही कामे पुरी झाली तरच ‘कमिट’. मध्ये काही अडले तर ‘रोलबॅक’, म्हणजे पहिल्यापासून काही घडलेच नाही असे. शिवाय अटी घालता येतात: खाते अस्तित्वात नसेल तर नोंद घेऊ नका, हिश्श्यांची बेरीज मूळ क्षेत्रापेक्षा जास्त होत असेल तर थांबा. महाभारत लिहिताना गणरायाला व्यासांनी हीच अट घातली होती अशी कथा आहे, की अर्थ समजल्याशिवाय ओळ लिहायची नाही. आपला बाप्पा हा अटी पाळून लिहिणारा पहिला लेखनिक.

एक सावधगिरीही सांगायला हवी. वेबसाइटवर लोक जे लिहितात ते जसेच्या तसे क्वेरीत जोडले, तर कोणी नावाच्या जागी हुकूमच लिहून पाठवतो आणि यंत्र तो पाळते. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात ते हे. अर्जदाराने अर्जात ‘सगळी वही जाळा’ असे लिहिले, तर कारकुनाने ते वाचून फाइल करायचे असते, काडी ओढायची नसते! म्हणून आलेला मजकूर पॅरामीटर म्हणून वेगळाच द्यावा. प्रोसिजरच्या पोटात मजकूर जोडून क्वेरी बनवली, तर नुसत्या प्रोसिजरच्या नावाने संरक्षण मिळत नाही. आणि सगळाच व्यवहार प्रोसिजरमध्ये कोंबला तर एका कंपनीचा डेटाबेस सोडून दुसऱ्याकडे जाणे अवघड होते, हेही जाणकार सांगतात. नियम दारात असावेत, पण सगळा संसार दारात मांडू नये.

दोन राज्ये, एकच उतारा

गुजरातमध्ये २००४ पासून मामलतदार कचेऱ्यांत ई-धरा केंद्रे सुरू झाली आणि हाताने उतारा लिहिण्याची जागा संगणकाने घेतली. महाराष्ट्रात महाभूलेख आणि ई-फेरफार आले. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवायची ई-पीक पाहणी सुरू झाली, म्हणजे बाराचा नमुना शेताच्या बांधावर आला. पूर्वी एका उताऱ्यासाठी सुरतेहून भुसावळच्या गाडीत बसावे लागे. आज तो लिंबायतमधल्या घरी दोन मिनिटांत दिसतो.

पण वह्यांमधल्या जुन्या चुका संगणकात उतरताना आपोआप सुधारत नाहीत. सातचे क्षेत्र आणि आठ-अ चे क्षेत्र जुळत नसेल तर यंत्र तफावत दाखवते, खरे कोणते ते सांगत नाही. म्हणूनच २०१७ मध्ये महाराष्ट्रात संगणकीकृत सातबाऱ्यांचे गावोगाव चावडी वाचन झाले. जी गोष्ट कोणतीही क्वेरी सांगू शकत नाही, ती चावडीवर बसलेली माणसे सांगतात: ‘हे नाव राहिले’, ‘हा हिस्सा चुकला’. कायदाही तसाच शहाणा आहे. अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानायची, असे तो म्हणतो. कायमची खरी, असे म्हणत नाही.

आपल्या सुरतेतल्या कुटुंबांना हे जास्त लागू आहे, कारण आपण त्या चावडीवर नसतो. वारस नोंदीच्या वेळी कोणी सांगितलेच नाही, तर सुरतेतल्या मुलाचे नाव राहते, आणि सासरी गेलेल्या बहिणीचे तर फार सहज राहते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला आहे. पण डेटाबेसात जी ओळ घातलीच गेली नाही, ती कोणत्याही ‘सिलेक्ट’ने निघत नाही.

तेव्हा या उत्सवाच्या दिवसांत, घरातली वडील मंडळी आणि संगणक शिकलेली नवी पिढी एकाच आरतीला जमतात तेव्हा, एक काम जरूर करावे. मुलांनी गावच्या गटाचा सातबारा, आठ-अ आणि त्यावरचे फेरफार काढून आजी-आजोबांना वाचून दाखवावेत. क्रमांक मुलांना कळतील, माणसे आजी-आजोबांना कळतील. दोन्ही जुळले तर उत्तम. जुळले नाही, तर हरकतीची मुदत मोजायला लागावे.